छाप नसलेला जुना प्रोसेसर ओळखायचा आणि तपासायचा कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांमध्ये जुन्या बोर्डांचा ढीग उपसताना कधीतरी चाळीस पायांची एखादी आयसी हाती लागते. तिच्यावर कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. ती घरी आणली की मनात पहिला विचार येतो, की पाच व्होल्ट देऊन बघू या. हे पान तो मोह आवरण्यासाठी लिहिलं आहे. पन्नास वर्षं टिकलेली चिप चुकीच्या पायाला वीज मिळाल्यामुळे क्षणात मरते, आणि ती पुन्हा कुठे बनत नसते.

इथे मी १९७४ ते १९७९ या काळात बाजारात आलेल्या चाळीस पायांच्या प्रोसेसरांबद्दलच लिहिलं आहे: इंटेलचे ८०८०, ८०८५, ८०८६ आणि ८०८८, झिलॉगचा झेड८०, मॉस टेक्नॉलॉजीचा ६५०२, मोटोरोलाचे ६८०० आणि ६८०९. आपल्याकडच्या डब्यांत सापडतात ते बहुतेक हेच.

## छापच नाही, मग ही आयसी प्रोसेसर आहे कशावरून?

सुरुवातीला तसं काहीच मानू नका. चाळीस पाय आणि दोन ओळींमध्ये १५.२४ मिलिमीटर अंतर, या मापात प्रोसेसरखेरीज कितीतरी चिप येत: ८२५५ सारख्या पोर्टच्या आयसी, ८२७९ हा कीबोर्ड-डिस्प्ले कंट्रोलर, ८२५० हा सीरियल पोर्ट, झेड८०चे पीआयओ आणि एसआयओ, ६५२२, ६८२१, इतकंच काय, एवाय-३-८९१० ही आवाज काढणारी चिपसुद्धा. यांशिवाय ८०३१ आणि ८०५१ हे मायक्रोकंट्रोलर आहेतच. एसटीडी बूथच्या बिल मशीनमधून किंवा वजनकाट्यातून काढलेली आयसी असेल, तर मी आधी ८०३१ची शंका घेतो.

त्यामुळे प्रश्न ‘कोणता प्रोसेसर?’ असा नको. ‘ग्राउंडचा पाय कोणता?’ असा हवा. त्याचं उत्तर मिळालं की निम्मी यादी आपोआप गळून पडते.

## छाप खरंच गेली आहे, की फक्त दिसत नाही?

बऱ्याचदा फक्त दिसत नसते. खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च आयसीच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. कोरलेली किंवा लेझरची अक्षरं सावलीने उठून दिसतात. शाईची छाप असेल तर तोंडाची वाफ सोडून लगेच तिरप्या उजेडात बघा, कारण शाई होती तिथे वाफ जरा वेगळी धरते. खडूची भुकटी बोटाने हलकेच चोळून झटकली, तरी कधी कधी अक्षरांच्या खाचा पांढऱ्या होतात. मोबाइलवर फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवा. डोळ्याला न दिसलेला आकडा तिथे सापडू शकतो.

आयसी उलटी करून पाहायला बरेच जण विसरतात. खालच्या बाजूला देशाचं नाव, लॉट नंबर किंवा तारखेचा कोड असतो आणि तो सहसा शाबूत राहतो, कारण तिथे कुणाचं बोट लागत नाही.

तारखेच्या कोडमध्ये एक फसगत होते. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे: ८४२३ म्हणजे १९८४ चा तेविसावा आठवडा. आता ८०३१, ८०४८ आणि ८०५१ हे तिन्ही आकडे १९८० मधले आठवडेही असू शकतात आणि चिपची नावंही. नुसते चारच आकडे वाचता आले तर त्यावर विसंबू नका. ८०८५ हा मात्र तारखेचा कोड असूच शकत नाही, कारण वर्षात पंच्याऐंशी आठवडे नसतात.

## छाप कुणी मुद्दाम घालवली असेल का?

हो, आणि त्याची कारणं दोन अगदी वेगळ्या प्रकारची असतात. काही कारखाने आपल्या मशीनची नक्कल होऊ नये म्हणून महत्त्वाच्या आयसींचे नंबर घासून टाकत. अशी चिप सहसा चांगली असते. दुसरा प्रकार बनावट मालाचा: वरचा थर घासायचा, काळा रंग द्यायचा आणि महागडा नंबर छापायचा. ही छापही पुढे पुसट होते आणि आपल्या हातात ‘बिनछाप’ आयसी येते.

ओळखण्यासाठी वरची आणि खालची बाजू शेजारी धरून पोत बघा. मूळ प्लास्टिक दोन्हीकडे सारखं दिसतं. साच्यातून सोडवताना राहिलेली गोल खळगी रंगाने भरलेली असेल किंवा कडेला घासल्याच्या समांतर रेषा असतील, तर काहीतरी केलेलं आहे. कापसाच्या काडीवर ॲसिटोन घेऊन कोपऱ्यावर फिरवलं आणि काडी काळी झाली, तर वर रंग आहे. मात्र उरलीसुरली मूळ शाईही ॲसिटोनने जाते, म्हणून आधी फोटो आणि मगच काडी. सिरॅमिक आयसी कधीही घासू नका.

## ज्या बोर्डावर ती आहे तो बोर्डच हातात असेल तर?

मग तुमचं नशीब चांगलं. सोल्डरिंग गन लांब ठेवा आणि आधी शेजारी वाचा.

क्रिस्टलवरचा आकडा बोलका असतो. १८.४३२ मेगाहर्ट्‌झ आणि जवळ ८२२४ ही क्लॉकची, म्हणजे प्रोसेसरला ताल देणाऱ्या ठोक्यांची, आयसी दिसली तर ८०८०. ८२२४ त्या आकड्याला नऊने भागते आणि प्रोसेसरला २.०४८ मेगाहर्ट्‌झ मिळतात. ६.१४४ असेल तर ८०८५ ची दाट शक्यता. ११.०५९२ असेल तर ८०५१ च्या घराण्यातली चिप, कारण या आकड्यातून सीरियल पोर्टचे वेग नेमके निघतात. १४.३१८१८ आणि शेजारी ८२८४ ही तशीच क्लॉकची आयसी असेल तर आयबीएम पीसीच्या वळणाचा ८०८८.

७४एलएस३७३ ही लॅच, म्हणजे आलेला आकडा धरून ठेवणारी आयसी, प्रोसेसरला खेटून बसली असेल, तर पत्ता (मेमरीतल्या जागेचा नंबर) आणि डेटा एकाच पायांवरून जातात असं समजा: ८०८५, ८०३१ किंवा ८०८६. झेड८० आणि ६५०२ ला तिची गरज पडत नाही. मग मीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि बोर्डावरच्या एखाद्या ७४ मालिकेतल्या आयसीच्या ग्राउंडपासून अनोळखी आयसीच्या कोणत्या पायाशी बीप येते ते बघा. पाच व्होल्टचंही तसंच. दोन मिनिटांत दोन्ही पाय सापडतात आणि पुढचा अर्धा खटाटोप वाचतो. सुटी आयसी विकत घेण्यापेक्षा भंगारवाल्याकडून अख्खा बोर्ड घ्या, असं मी नेहमी सांगतो ते यासाठीच.

## पाय मोजायचे कसे?

खाच वरच्या बाजूला ठेवून वरून बघा. खाचेच्या डावीकडचा पहिला पाय १. तिथून डाव्या बाजूने खाली २० पर्यंत, मग उजवीकडे तळाशी २१ आणि वर जात ४०. खाच नसेल तर १ च्या पायाजवळ टिंब किंवा खळगी असते.

## मल्टिमीटरने ग्राउंडचा पाय कसा शोधायचा?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे जरा सावकाश.

या काळातले बहुतेक प्रोसेसर एनमॉस पद्धतीचे आहेत. त्यांत सिलिकॉनचा जो पाया असतो, म्हणजे सबस्ट्रेट, तो पी जातीचा असतो आणि प्रत्येक पायामागचा भाग एन जातीचा. त्यामुळे सबस्ट्रेटपासून प्रत्येक पिनकडे जाणारा एक डायोड आपोआप तयार होतो. कुणी तो मुद्दाम बसवलेला नसतो, पण तो जवळजवळ प्रत्येक पिनला असतो आणि आपल्या कामाचा असतो.

डिजिटल मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. आयसी सुटी, कशालाही न जोडलेली हवी. लाल प्रोब एका पायावर धरून काळी प्रोब इतर सगळ्या पायांवरून फिरवा. ज्या पायावर लाल धरल्यावर जवळजवळ सगळीकडे ०.५ ते ०.८ व्होल्टच्या आसपासचा आकडा येतो, तो पाय सबस्ट्रेटचा. बाकीच्या पायांवर लाल धरलं तर मीटर बहुतेक ठिकाणी काहीच दाखवत नाही. बहुतेक चिपमध्ये हा सबस्ट्रेटचा पाय म्हणजेच ग्राउंड. जिथे सर्वांत कमी आकडा येतो तो पाय सहसा पाच व्होल्टचा, कारण त्याच्यामागे सर्वांत जास्त सिलिकॉन असतं.

चाळीसही आकडे कागदावर लिहा. कोणते पाय पूर्ण मोकळे आहेत, म्हणजे कुठूनही काहीच दाखवत नाहीत, तेही लिहा. पुढे ओळख त्यांवरूनच पटते.

काटेवाला जुना मीटर वापरत असाल तर सावध राहा. त्यातल्या बऱ्याच मीटरांमध्ये ओहमच्या रेंजवर काळ्या प्रोबला धन टोक असतं, त्यामुळे सगळे निष्कर्ष उलटे निघतात. शिवाय त्यांच्या सर्वांत वरच्या ओहम रेंजला आतली जास्त व्होल्टची बॅटरी जोडली जाते. या कामाला साधा डिजिटल मीटरच बरा.

## सबस्ट्रेटचा पाय सापडला. आता पुढे?

खालच्या यादीशी ताडून बघा.

पाय २९: झेड८०. पाच व्होल्ट ११ वर. एकही पाय मोकळा नसतो.

पाय १ आणि २१, दोन्ही आपसांत शॉर्ट: ६५०२ किंवा ६८००. दोघांचेही पाच व्होल्ट ८ वर. वेगळं ओळखायचं तर मोकळे पाय बघा. ६५०२ मध्ये ५, ३५ आणि ३६ मोकळे असतात, ६८०० मध्ये ३५ आणि ३८.

पाय १ एकटाच: पाच व्होल्ट ७ वर वाटत असतील तर ६८०९, २० वर वाटत असतील तर ६५२२ किंवा ६८२१, ४० वर असतील तर एवाय-३-८९१०.

पाय १ आणि २० आपसांत शॉर्ट: ८०८६ किंवा ८०८८. पाच व्होल्ट ४० वर.

पाय २० एकटाच, पाच व्होल्ट ४० वर: ही गर्दीची जागा. ८०८५ इथेच, आणि ८०३१, ८०५१, ८०४८, ८१५५, ८२७९, ८२५० हेही इथेच. मीटर यांना वेगळं करू शकत नाही. त्यासाठी पुढे ८०८५ चा प्रश्न बघा.

पाय ७: ८२५५. पाय ३१: झेड८० एसआयओ. दोन्ही प्रोसेसर नाहीत.

पाय ११: इथे थांबा आणि पुढचा प्रश्न वाचा.

आकडे दोन्ही दिशांनी येत असतील, म्हणजे एका पायावर लाल ठेवून सगळीकडे आणि दुसऱ्या एका पायावर काळी ठेवूनही सगळीकडे, तर चिप सीमॉस आहे, म्हणजे एन आणि पी अशा दोन्ही जातींचे ट्रान्झिस्टर वापरणारी: दुसरा पाय तिच्या धन पुरवठ्याचा. आणि फक्त काळी प्रोबच एका पायावर ठेवून सगळीकडे आकडे येत असतील, तर ती त्याहून जुनी पीमॉस चिप. १९७१ चा सोळा पायांचा ४००४ आणि १९७२ चा अठरा पायांचा ८००८ त्या जातीचे. त्यांना पाच व्होल्टच्या साध्या सप्लायवर लावू नका.

## पाय ११ वर सबस्ट्रेट आला तर एवढी काळजी का?

कारण ती ८०८० असू शकते आणि ती तीन पुरवठ्यांवर चालते. ग्राउंड २ वर, उणे पाच व्होल्ट ११ वर, अधिक पाच २० वर, अधिक बारा २८ वर. तिचा सबस्ट्रेट ग्राउंडला नसून उणे पाचला जोडलेला असतो, म्हणून मीटर आपल्याला ११ दाखवतो.

आता झेड८०चं सॉकेट आठवा. तिथे ११ वर अधिक पाच व्होल्ट असतात आणि २९ वर ग्राउंड. चाळीस पाय दिसले म्हणून कुणी ८०८० त्या सॉकेटमध्ये घातली, की सबस्ट्रेटला अधिक पाच आणि २९ या पत्त्याच्या पायाला ग्राउंड मिळतं. मघाशी आपण मीटरने मोजलेला डायोड तिथे सरळ पुढच्या दिशेने पेटतो आणि त्यातून सप्लाय देईल तेवढा करंट वाहतो. चिप वाचत नाही. मी हे एकदा प्रत्यक्ष पाहिलं आहे. आयसी पांढऱ्या सिरॅमिकची, सोनेरी झाकणाची होती. आवाज नाही, धूर नाही, काही सेकंदांत बोट ठेववेना इतकी तापली आणि संपली. त्या दिवसापासून मीटर लावल्याशिवाय मी कुठलीही आयसी सॉकेटमध्ये बसवत नाही.

झेड८० पीआयओचं ग्राउंडही ११ वरच असतं. फरक असा, की ८०८० मध्ये २, २० आणि २८ हे तिन्ही पाय सहसा इतरांपेक्षा कमी आकडा दाखवतात. पीआयओमध्ये तसा २६ एकटाच असतो. शंका उरली तर वीज देऊ नका.

८०८० चालवायचीच असेल तर उणे पाच व्होल्ट सर्वांत आधी आले पाहिजेत आणि सर्वांत शेवटी गेले पाहिजेत. तिला दोन टप्प्यांचं, बारा व्होल्टच्या पातळीचं क्लॉक लागतं. ब्रेडबोर्डवर जुगाड करण्यापेक्षा ८२२४ वापरून नीट सर्किट करा.

## स्थिर विजेची खरंच इतकी भीती आहे का?

आहे. एनमॉसच्या इनपुटमागे काचेचा अतिशय पातळ थर असतो आणि तो फुटला की परत जुळत नाही. कोकणात पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा धोका कमी. विदर्भात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात किंवा मराठवाड्याच्या थंडीत तो कितीतरी वाढतो. टेरिकॉटचा सदरा आणि प्लास्टिकची खुर्ची टाळा. मनगटाला पट्टा बांधा, पण त्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर हवाच. घरच्या अर्थिंगला नुसत्या तारेने स्वतःला बांधून घेणं जिवावर बेतू शकतं.

आयसी थर्मोकोलमध्ये खोचून ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती सोडा. स्थिर वीज साठवायला थर्मोकोलइतकी वाईट वस्तू शोधून सापडणार नाही.

## पहिल्यांदा वीज देताना काय पाळायचं?

करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय हवा. मोबाइलचा चार्जर चालणार नाही, कारण चुकलात तर तो एक-दोन अँपिअर बिनधास्त देतो. व्होल्टेज पाचवर आणि लिमिट २०० मिलिअँपिअरवर ठेवा. ८०८६ आणि ८०८८ ला जास्त लागतो, त्यांना ३५० पर्यंत द्या. ग्राउंड आणि पाच व्होल्टच्या पायांमध्ये, जितका जवळ बसेल तितका जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

सुरू केल्याबरोबर व्होल्टमीटर बघा. व्होल्टेज पाचवर गेलं आणि करंट ५० ते १५० मिलिअँपिअरच्या दरम्यान स्थिरावला, तर एनमॉस चिपसाठी ते ठीक. व्होल्टेज ०.७ ते १ च्या आसपास अडकून सप्लाय लिमिटवर गेला, तर तुम्ही उलटं जोडलं आहे आणि सबस्ट्रेटचा डायोड पेटलाय. लगेच बंद करा. लिमिट होती म्हणून चिप बहुधा वाचली असेल. करंट शून्याजवळ असेल तर चिप सीमॉस आहे, आतली तार तुटलेली आहे किंवा पाय चुकला आहे.

## झेड८० वाटतोय. खात्री कशी करायची?

मेमरी नको, प्रोग्राम नको. डेटाच्या आठ पायांवर एकच आकडा कायमचा बांधून ठेवायचा, म्हणजे प्रोसेसर कुठल्याही पत्त्यावर गेला तरी त्याला तीच आज्ञा मिळते.

११ ला अधिक पाच, २९ ला ग्राउंड. १६, १७, २४ आणि २५ हे चार पाय ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरने अधिक पाचकडे ओढा. ते मोकळे सोडले तर प्रोसेसर मनाला येईल तेव्हा थांबतो आणि आपण त्याला बिघडलेला समजतो. २६ हा रीसेट: १० किलोओहमने वर ओढा आणि ग्राउंडकडे एक बटण लावा. ६ वर एक मेगाहर्ट्‌झचं क्लॉक द्या. चौकोनी धातूचा तयार ऑसिलेटर सर्वांत सोपा. क्लॉक टीटीएल आयसीतून येत असेल तर ३३० ओहमने वर ओढा, कारण झेड८०ला क्लॉकची वरची पातळी जवळजवळ पूर्ण पाच व्होल्टची लागते.

डेटाचे पाय डी० पासून डी७ पर्यंत क्रमाने असे: १४, १५, १२, ८, ७, ९, १०, १३. क्रम विचित्र आहे, पण बरोबर आहे. पहिल्या चाचणीसाठी यांतले १५, १२, ७, ९ आणि १० हे पाच पाय ४.७ किलोओहमने वर ओढा आणि १४, ८ व १३ तितक्याच रेझिस्टरने खाली. हा झाला हेक्स (सोळा अंकांच्या पद्धतीतला) ७६, म्हणजे ‘हॉल्ट’, ‘थांब’. पाच व्होल्टपासून २.२ किलोओहम आणि एलईडी अशी मालिका १८ या पायाकडे आणा. रीसेट दाबा: एलईडी विझली पाहिजे. सोडा: लागली पाहिजे. असं झालं तर चिप आज्ञा वाचते, समजते आणि पाळते, आणि ती झेड८०च आहे. मला ही चाचणी फार आवडते, कारण तिच्यात संदिग्ध काही उरत नाही.

दुसऱ्या चाचणीत आठही डेटा पाय खाली ओढा. हेक्स ०० म्हणजे नोप, ‘काही करू नको, पुढे चल’. प्रोसेसर शून्यापासून ६५५३५ पर्यंत पत्ते मोजत फिरत राहतो. एक नोप चार क्लॉकची, म्हणून २७ या पायावर २५० किलोहर्ट्‌झ दिसले पाहिजेत. ते मोजायला हर्ट्‌झ दाखवणारा साधा मल्टिमीटरही पुरतो. ए१५, म्हणजे पत्त्याचा सर्वांत वरचा बिट, पाय ५ वर येतो. तिथे एलईडी सेकंदाला साधारण ३.८ वेळा लुकलुकते.

ती पूर्ण विझत मात्र नाही, फक्त फिकी होते. हा बिघाड नाही. झेड८० प्रत्येक आज्ञेच्या उत्तरार्धात डायनॅमिक मेमरीसाठी रिफ्रेशचा पत्ता बाहेर काढतो आणि त्या वेळी ए१५ खालीच असतो. म्हणजे ही फिकी एलईडीसुद्धा झेड८०ची ओळखच पटवते.

एलईडी नेहमी पाच व्होल्टकडून पायाकडे लावा. या चिपचे आउटपुट खाली ओढताना दीड-पावणेदोन मिलिअँपिअर पेलतात, वर ढकलताना मात्र पाव मिलिअँपिअरच.

## ६५०२ साठी हेच चालेल का?

पद्धत तीच, आकडा वेगळा. ६५०२ ची नोप म्हणजे हेक्स ईए. ८ ला अधिक पाच, १ आणि २१ ला ग्राउंड. २, ४, ६ आणि ३८ हे ३.३ किलोओहमने वर. ४० रीसेट, ३७ वर एक मेगाहर्ट्‌झ. डेटाचे पाय डी० पासून डी७ पर्यंत ३३ ते २६ असे उलट्या क्रमाने येतात: २६, २७, २८, ३० आणि ३२ वर ओढा, २९, ३१ आणि ३३ खाली.

नोपला दोन क्लॉक लागतात, म्हणून ७ वर ५०० किलोहर्ट्‌झ आणि २५ वर (ए१५) सेकंदाला ७.६ वेळा लुकलुक. इथे रिफ्रेश नाही, त्यामुळे एलईडी नीट विझते आणि नीट लागते. ३४ हा पाय कायम वरच राहायला हवा.

एक इशारा. मीटरवर १ आणि २१ आपसांत शॉर्ट दाखवत नसतील तर १ ला ग्राउंड जोडू नका. डब्ल्यूडीसी या कंपनीच्या नव्या ६५सी०२ मध्ये, म्हणजे सीमॉस ६५०२ मध्ये, १ हा आउटपुट आहे.

आणखी एक गोष्ट, कारण ती सापडली तर आनंदाची आहे. १९७६ च्या मध्यापर्यंतच्या ६५०२ मध्ये उजवीकडे फिरवण्याची ‘आरओआर’ ही आज्ञाच नव्हती. तुमच्या चालू चिपमध्ये ती आज्ञा नीट चालत नसेल, तर बिघाड समजून ती टाकून देऊ नका. ती पहिल्या खेपेतली असू शकते.

## २० आणि ४० वाली आयसी ८०८५ आहे की ८०३१?

क्रिस्टल ठरवेल. ८०८५ चा ऑसिलेटर १ आणि २ वर असतो, ८०३१ आणि ८०५१ चा १८ आणि १९ वर. आधी ८०८५ समजून चाला: १ आणि २ मध्ये चार मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, दोन्हीकडून ग्राउंडला २० पिकोफॅरड. ५ ते १० आणि ३९ हे पाय १० किलोओहमने खाली ओढलेले, ३५ हा वर ओढलेला, ३६ रीसेटसाठी वर ओढलेला. ३७ वर दोन मेगाहर्ट्‌झ, म्हणजे क्रिस्टलच्या बरोबर निम्मे, मिळाले तर ८०८५ आहे. ३६ खाली ओढल्यावर ३ हा पाय वरच्या पातळीला जायला हवा.

काहीच मिळालं नाही तर क्रिस्टल १८-१९ वर हलवा आणि ३१ ग्राउंडकडे ओढा. ९ हा रीसेटचा पाय एकदा पाच व्होल्टला टेकवून खाली ओढलेला ठेवा. ३० वर क्रिस्टलच्या एक-षष्ठांश फ्रिक्वेन्सी आली तर ८०५१ च्या घराण्यातली चिप आहे.

८०८५ वर नोपची चाचणी करताना १२ ते १९ या पायांना थेट ग्राउंड करू नका, ४.७ किलोओहममधूनच करा. त्याच पायांवरून आधी पत्ता बाहेर येतो. थेट शॉर्ट केलंत तर चिपचे आउटपुट ग्राउंडशी झुंजत राहतील.

आपल्याकडे पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या कित्येक पिढ्या ८०८५ च्या किटवर शिकल्या. कुठे तसं चालू किट असेल तर सगळ्यात बरं. मीटरची चाचणी पास झालेली चिप त्याच्या सॉकेटमध्ये घाला आणि हेक्स कीपॅडवरून दोन आकड्यांची बेरीज करून बघा.

## ८०८६ आणि ८०८८ चं काय?

हे घरी ब्रेडबोर्डवर करण्यासारखं नाही. क्लॉक किमान दोन मेगाहर्ट्‌झ लागतं, तेही एक-तृतीयांश वेळ वर राहणारं, म्हणजे ८२८४ हवी. पाय पक्के पटले असतील तर चालू बोर्डच्या सॉकेटमध्येच तपासा.

## क्लॉक बटणाने हळूहळू देऊन एकेक पायरी बघता येईल का? आर्डुइनो चालेल का?

सीमॉस असेल तर हो. एनमॉस असेल तर नाही, कारण आतली माहिती छोट्या कपॅसिटरांवर चार्जच्या रूपात ठेवलेली असते आणि क्लॉक थांबलं की ती गळून जाते. एनमॉस झेड८०चं क्लॉक दोन मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त काळ खाली राहू नये असं डेटाशीट सांगतं. बटण दाबणाऱ्या बोटाला ते जमणार नाही, आणि मग चांगली चिप बिघडलेली वाटते.

आर्डुइनो मेगा पाच व्होल्टचा आहे आणि पायही भरपूर आहेत, म्हणून चालतो. क्लॉक प्रोग्रामच्या लूपमधून काढू नका, टायमरमधून काढा. प्रत्येक तारेत एक किलोओहम ठेवा, म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी आउटपुट झालं तरी काही जळणार नाही. ३.३ व्होल्टचे बोर्ड थेट जोडू नका.

## चिप गरम होते. बिघडली आहे का?

कोमट होणं हा एनमॉसचा स्वभाव आहे. पाच-दहा मिनिटांनी बोट आरामात ठेवता येत असेल तर ठीक. काही सेकंदांतच चटका बसत असेल तर बंद करा.

## या चाचण्या पास झाल्या म्हणजे चिप शंभर टक्के चांगली का?

नाही. नोप आणि हॉल्ट एवढंच सांगतात की क्लॉक, रीसेट, आज्ञा वाचणं आणि पत्ता मोजणं चालतं. बेरीज-वजाबाकीचा भाग, सगळी रजिस्टर आणि इंटरप्ट तपासायला मेमरी आणि खरा प्रोग्राम लागतो.

चालू झेड८० एनमॉस आहे की सीमॉस, हे प्रोग्रामने कळतं. हेक्स ईडी ७१ ही जाहीर न केलेली आज्ञा पोर्टवर लिहिते: एनमॉस असेल तर ००, सीमॉस असेल तर एफएफ. वर ताजी छाप मारून विकलेल्या चिपसाठी मी ही चाचणी आवर्जून करतो.

## पाय सॉकेटमध्ये नीट बसत नाहीत. वाकले आहेत का?

वाकलेले नसतील तर अंतर मोजा. सोव्हिएत बनावटीच्या आयसींमध्ये दोन पायांमधलं अंतर २.५ मिलिमीटर असतं, नेहमीचं २.५४ नसतं. एकोणीस फटींमध्ये मिळून पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो आणि शेवटचे पाय भोकांना चुकतात. केआर५८०व्हीएम८०ए ही तिकडची ८०८० ची प्रतिकृती अशीच, आणि तिलाही तीनच पुरवठे लागतात. दाबून बसवू नका. चांगल्या प्रतीचे गोल भोकांचे सॉकेट तर मुळीच वापरू नका, ते अजिबात सूट देत नाहीत.

## पांढरं सिरॅमिक आणि सोनेरी झाकण असलेली आयसी मिळाली आहे. झाकण उघडून बघू का?

नको. संग्राहकांसाठी अशा चिपची किंमत चालू असण्यापेक्षा अखंड असण्यात जास्त असते. झाकण उघडलं की आतल्या केसाहून बारीक तारा तुटतात आणि ओलावा शिरतो. डायोडची चाचणी निर्धास्त करा, तिने काही बिघडत नाही. वीज देण्याची घाई मात्र करू नका, आणि सोल्डर ओरबाडून पायांवरचा सोन्याचा मुलामा घालवू नका.

## तपासून झाल्यावर ठेवायची कशी?

काळ्या वाहक फोममध्ये खोचून, पण नव्या. जुना फोम काही वर्षांनी चिकट होऊन भुगा होतो आणि पाय गंजवतो. डब्यात तसा फोम असलेली आयसी मिळाली तर आधी तिला त्यातून सोडवा. पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

आयसीबरोबर एक चिठ्ठी ठेवा: सबस्ट्रेटचा पाय, मोकळे पाय, पाच व्होल्टवर किती करंट घेतला, कोणती चाचणी पास झाली आणि तारीख. आयसीच्या अंगावर मार्करने लिहू नका. पुसट झालेली मूळ छाप पुढे एखाद्या चांगल्या कॅमेऱ्याला वाचता येईल, तिच्यावर आपली शाई नको.